ज्याची तक्रार, त्याने फोन करावा

मी एक जुना टेलिफोन आहे मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मी गोड बोलणाऱ्यांपैकी नाही. माझी घंटा कर्कश आहे. कारखान्यात माझे सगळे भाग जोडून झाल्यावर तपासणीच्या टेबलावरील बाईने मला पहिल्यांदा वाजवून पाहिले, दोन्ही कानांवर हात ठेवले आणि शेजारणीला म्हणाली, "हा तर भांडायलाच उठलाय गं!" शेजारीण म्हणाली, "असू दे की. एखाद्या बहिऱ्याच्या घरी देऊ." त्या दोघी खूप हसल्या. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटले नाही. पुढे मात्र ते वाक्य मला वारंवार आठवले.

मी काळा, जड आणि तबकडीवाला आहे. एकेका भोकात बोट घालून तबकडी फिरवायची आणि ती परत जागेवर येईपर्यंत दम धरायचा, अशी माझी रीत. आजकालच्या मुलांना ते जमत नाही. माझा रिसीव्हर कोणाच्या डोक्यात बसला तर टेंगूळ येणारच, एवढे त्याचे वजन आहे.

माझी नेमणूक एका दूरचित्रवाणी वाहिनीच्या कचेरीत झाली. ही वाहिनी आपल्या भाषेतील, आपल्या भागापुरती होती, त्यामुळे प्रेक्षक तिला घरचीच समजत आणि हक्काने रागावत. त्यांचा राग ऐकून घेण्यासाठी तळमजल्यावर एक खोली होती. दारावर 'प्रेक्षक कक्ष' अशी पाटी, आत एक टेबल, उशी बांधलेली एक खुर्ची, फाटकाच्या बाजूला मोठी खिडकी आणि भिंतीवर एक टीव्ही. त्या टीव्हीवर दिवसभर आमचीच वाहिनी चालू असे, पण आवाज बंद ठेवून. नाहीतर फोनवरचे ऐकू येणार कसे? खुर्चीवर ऑपरेटरबाई बसत आणि टेबलावर मी.

मित्रांनो, लोक काय काय बोलत म्हणून सांगू! एक आजोबा रोज विचारत, "ती मालिकेतली सून अजून जिन्यावरच आहे का हो? गेल्या आठवड्यात चढायला लागली होती." एका गृहिणीचे म्हणणे असे, की हवामान सांगणारा गृहस्थ नकाशासमोर असा उभा राहतो की आमचे गाव कायम त्याच्या पोटामागे येते. "आमच्याकडे पाऊस आहे की नाही, ते त्यांना जरा बाजूला सरकवून सांगा," असे तिने बाईंना बजावले होते. कोणी चित्रपट मध्येच कापला म्हणून बोटे मोडी, कोणी तोच चित्रपट पुन्हा दाखवला म्हणून. बाई सगळ्यांना "कळवते हं, कळवते" म्हणत. मी सगळे ऐकत असे आणि मला मजा येई. माणूस भांडतो तेव्हा त्याला त्या गोष्टीची पर्वा असते, हे मी तिथे शिकलो.

माझी एक खोडही याच काळात उघडकीस आली. ती आमच्या कचेरीच्या सगळ्याच जुन्या यंत्रणेची खोड होती, पण बोल मला लागला. ज्याने फोन लावला, त्याने रिसीव्हर खाली ठेवल्याशिवाय लाइन सुटत नसे. इकडून कितीही आपटा, उपयोग शून्य. ते जिन्यावरच्या सुनेचे आजोबा एकदा तक्रार सांगता सांगता झोपी गेले. सगळी दुपार माझ्यातून त्यांचे घोरणे ऐकू येत होते आणि दुसऱ्या कोणाचाही फोन आत येत नव्हता. शेवटी आजी बाजारातून आल्या, त्यांनी आजोबांना उठवले आणि आमची सुटका झाली.

कार्यक्रम ठरवणारे एक साहेब होते. दर आठवड्याला ते दारातून डोकावत आणि विचारत, "कशाचे फोन जास्त?" बाई सांगत. ज्याचे फोन जास्त, त्याकडे साहेब लक्ष देत. ज्याचा फोन नाही, ते सुरळीत चालले आहे असे समजत. "फोन नाही म्हणजे तक्रार नाही," हे त्यांचे आवडते वाक्य होते. मलाही ते पटत असे. का पटणार नाही? त्या वाक्याने मी या इमारतीतील सगळ्यांत महत्त्वाची वस्तू ठरत होतो. साहेब जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारत आणि मी फुगून बसे.

दुपारी एक वाजता आमच्या वाहिनीवर खुणांच्या भाषेतील बातम्या लागत. एक ताई निळ्या पडद्यासमोर बसून दोन्ही हातांनी, भुवयांनी, खांद्यांनी बातम्या सांगत. त्यांना स्वतःला ऐकू येत नसे. बाई त्या वेळी डबा खात आणि पाहत राहत. आवाज बंद असलेल्या त्या टीव्हीवर तेवढाच एक कार्यक्रम होता, ज्याला आवाजावाचून काही अडत नव्हते.

एके दिवशी एक वाजला आणि ताई आल्या नाहीत. त्यांच्या जागी जिन्यावरच्या सुनेचा कालचाच भाग पुन्हा सुरू झाला. बाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी साहेबांना विचारले तेव्हा साहेब म्हणाले, "त्या बातम्या कोण बघतं? आजवर एक तरी फोन आलाय का त्यांच्याबद्दल?" बाईंनी आठवून पाहिले. खरोखरच आला नव्हता. कार्यक्रम बंद झाल्यावरही आला नाही. साहेबांनी आपलीच पाठ थोपटून घेतली. ताईंना त्यांनी कपडेपटाच्या खोलीत बसवले, नटांच्या शर्टांना बटणे लावायला.

मित्रांनो, तुमच्या लक्षात आले असेल. माझ्या आले नाही. माझ्या साहेबांच्या तर नाहीच नाही.

मग काही दिवसांनी एका तरुण बाईचा फोन आला. आवाज दमलेला होता, पण धार चांगली होती. ती म्हणाली, "माझे सासू-सासरे दोघंही बोलत नाहीत, त्यांना ऐकू येत नाही. सासरे टेलर मास्तर आहेत. तुमच्या एकच्या बातम्या लागल्या की मशीन थांबवून बघायचे. त्या तुम्ही बंद केल्यात." बाई म्हणाल्या, "कळवते हं." ती म्हणाली, "थांबा, पुढे ऐका. नळाला खराब पाणी आलं होतं बघा, उकळून प्या म्हणून सांगत होते? त्या दिवशी मी दवाखान्यात ड्यूटीवर होते. ह्या दोघांनी तुमच्या साध्या बातम्या लावल्या. पडद्यावर नळ दिसला, पाणी दिसलं, कोणीतरी अधिकारी दिसला. त्यांना वाटलं, नवीन नळ आला, पाणी चांगलं झालं. सासूबाईंनी कौतुकाने दोन भांडी जास्त प्यायली. माझ्याच दवाखान्यात आणावं लागलं त्यांना. वाचल्या म्हणायच्या."

बाई खुर्चीवरून उठल्या. मग साहेबांना बोलावून त्यांनी रिसीव्हर त्यांच्या हाती दिला. साहेबांनी सगळे ऐकले आणि म्हणाले, "वाईट झालं. पण बाई, तुम्हाला ऐकू येतं ना? मग ही तक्रार तुमची कशी? असं कोणीही कोणाच्या वतीने बोलायला लागलं तर आम्ही काय धरायचं? आमच्याकडे पद्धत आहे. ज्याची तक्रार, त्याने फोन करावा."

 पलीकडून ती म्हणाली, "बरं. सांगते त्यांना." आणि तिने फोन ठेवला. आपटला नाही, अगदी हळू ठेवला. मला ते आपटण्यापेक्षा जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी एकच्या ठोक्याला माझी घंटा वाजली. बाईंनी "हॅलो" म्हटले. पलीकडे कोणी बोलेना. रस्त्याचा गलबला येत होता, कोणाचा तरी श्वास येत होता, आणि मधूनच काहीतरी कठीण वस्तू रिसीव्हरवर हलकेच वाजत होती, टक, टक. बाई "हॅलो, हॅलो" करून थकल्या. थोड्या वेळाने लाइन सुटली. लगेच पुन्हा घंटा. पुन्हा तसेच, पण श्वास वेगळा. असे दुपारभर चालले. तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्या दिवशीही तेच. बाई चिडल्या. "घरी आई-बहिणी नाहीत का रे? मेल्यांनो, उद्योग नाही का दुसरा?" असे त्या ओरडत, आणि पलीकडचा श्वास ते न ऐकता शांतपणे चालू राहत असे.

लाइन दुरुस्त करणारा आला. त्याने माझे पोट उघडले, तारा हलवल्या, फुंकर मारली आणि म्हणाला, "लाइन चोख आहे. फोनच म्हातारा झालाय. फेकून द्या." इतकी वर्षे मी ज्यांच्यासाठी घसा फोडला, त्यांपैकी कोणी माझी बाजू घेतली नाही. माझ्या जागी बटणांचा नवा गुळगुळीत फोन आला. मला फेकले नाही एवढेच. फाटकावरच्या वॉचमनकाकांच्या खोलीत नेऊन जोडले. बाहेरून मला फोन येणार नाही, बाहेर माझ्यावरून लागणार नाही, फक्त फाटकावरून आत कळवायचे, "अमुक भेटायला आलेत, सोडू का?" मला अपमान वाटला, मित्रांनो. सरळ सांगतो, मी कुढत बसलो.

पण दुसऱ्याच दिवशी एक वाजता समोरच्या खिडकीतून नव्या फोनची किणकिण ऐकू आली आणि पाठोपाठ बाईंचा आवाज, "हॅलो? अहो, कोण आहे? बोला ना!" मला इतका आनंद झाला म्हणता! आता बोला की. आता कोणाचे पोट उघडणार?

आठवडा संपता संपता ती माणसे स्वतःच आली. दहा-पंधरा जण असतील, बायका, पुरुष, एक-दोन पोरेसोरे. फाटकावर अजिबात गोंगाट नव्हता, पण हात इतके चालले होते की वॉचमनकाका बावरले. पुढे एक ठेंगणे गृहस्थ होते, गळ्यात मोजायची पट्टी आणि मधल्या बोटावर शिवताना घालतात ते पितळी अंगुस्तान. शेजारी त्यांच्या पत्नी, आजारातून उठल्यासारख्या बारीक झालेल्या. आणि त्यांची सून. तिने तोंड उघडताच मी तिला ओळखले. ती काकांना म्हणाली, "मी आत साहेबांना भेटून येते. ह्यांना इथेच उभं राहू द्या. गडबड करणार नाहीत, तुम्हीच बघताय." काका हसले आणि त्यांनी तिला सोडले.

प्रेक्षक कक्षाच्या खिडकीत मला ती दिसत होती, साहेबही दिसत होते. साहेबांनी हात झटकल्यासारखे केले. सून खिडकीकडे वळली आणि तिने सासऱ्यांना दोनच खुणा केल्या. टेलर मास्तर काकांच्या खोलीत आले, त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारले, काकांनी मान डोलावली. मास्तरांनी मला उचलले. अंगुस्तान माझ्या रिसीव्हरवर वाजले. टक.

तो आवाज! मित्रांनो, मला अजून आठवले की माझ्या तारा थरारतात. इतके दिवस ज्याला सगळे खोडसाळ म्हणत होते, तो हा होता. साहेबांनी सांगितले होते, ज्याची तक्रार त्याने फोन करावा. हा रोज आपले मशीन बंद करून नाक्यावरच्या फोनच्या दुकानात जात होता. तिथे यंत्रावर लाल आकडे पळू लागले की समोरून कोणीतरी फोन उचलला एवढे त्याला दिसे. मग तो आपली तक्रार करत उभा राहायचा, हातांनी, आणि त्याच्यामागे रांगेत बाकीचे.

मास्तरांनी काकांनी दाखवलेला आकडा फिरवला. आत नवा फोन वाजला. साहेबांनीच उचलला. लाइन जुळल्यामुळे तिकडचे सगळे मला स्वच्छ ऐकू येत होते.

"हॅलो. हॅलो? कोण बोलतंय?"

"ठेवू नका साहेब," सुनेचा आवाज आला. "तक्रार चालू आहे. खिडकीतून बघा."

मास्तरांनी मला पत्नीच्या हाती दिले, कारण त्यांना दोन्ही हात हवे होते. तिने मला छातीशी धरले. दारात उभे राहून मास्तर खिडकीकडे तोंड करून बोलू लागले. नळ उघडला, भांडे भरले, प्यायले, पोट धरून वाकले, पत्नीकडे बोट दाखवले. मग निळ्या पडद्यासमोर बसणाऱ्या ताईंसारखे ताठ झाले आणि दोन्ही हात रिकामे करून दाखवले.

साहेब म्हणाले, "काय म्हणताहेत ते?"

"मला नका विचारू. मला ऐकू येतं. माझी तक्रार तुमच्याकडे धरत नाहीत."

"अहो, असं काय करता! मला कसं कळणार?"

"तेच तर. बरं, ते सोडा. हा समोर तुमचा टीव्ही, आवाज बंद आहे. एक वाजून गेलाय. तुमचीच मालिका लागली आहे. ती बाई का रडतेय सांगा."

साहेब डोळे बारीक करून टीव्हीकडे बघू लागले. बाईंनी खाकरून सांगितले, "सर, तिचा नवरा परत आलाय म्हणून रडतेय."

"आला की गेला?" सुनेने विचारले.

"नक्की नाही सांगता येत," बाई कबूल झाल्या.

साहेबांचे पित्त खवळले. त्यांनी फोन आपटला. पुन्हा उचलला, तर आत मीच होतो, आणि मास्तरांच्या पत्नीच्या छातीची धडधड. त्यांनी पुन्हा आपटला, पुन्हा उचलला. माझी जुनी खोड त्यांना आठवली असावी, कारण ते खिडकीत येऊन ओरडले, "वॉचमन, फोन ठेव आधी! सगळी लाइन अडली आहे!"

काका बाहेर आले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, फोन माझ्या हातात नाही. त्यांच्या हातात आहे."

खरे म्हणजे काकांनी एक बोट माझ्या रिसीव्हर ठेवायच्या खटक्यावर टेकवले असते तर काम झाले असते. त्यांनी बोट टेकवले नाही. मीही जागचा हललो नाही. हलू शकत नाही हे खरे आहे, पण हलता आले असते तरी हललो नसतो, हे तुम्हाला ठासून सांगतो. बाहेर किती लोक मालिकेसाठी नंबर फिरवत बसले असतील, बसोत. मला हातोहात फिरवत ती माणसे उभी राहिली. एकाचा हात दुखला की दुसरा घेई.

तेवढ्यात इमारतीतून ताई आल्या. खांद्यावर नटाचा शर्ट, त्याला लटकणारी सुई. कोणीतरी त्यांना सांगितले असेल, किंवा खिडकीतून त्यांनीच पाहिले असेल. त्यांना बजावले गेले होते, की तुमच्या बातम्या कोणी बघत नाही. फाटकाच्या गजांपलीकडे एवढे हात एकदम वर झालेले पाहून त्या थबकल्या. मग त्यांनी शर्ट काकांच्या हातात दिला, केस मागे सारले आणि फाटकाशीच उभ्या राहून त्या दिवसाच्या बातम्या सांगायला सुरुवात केली. त्या रोजच्या रोज बातम्या तयार ठेवत होत्या, बटणे लावतानाही.

फाटकावर कोणी हलत नव्हते. टेलर मास्तरांच्या गालांवरून पाणी वाहत होते आणि ते पुसायला हात वर नेला तर मधली बातमी चुकेल म्हणून ते तसेच बघत होते. आत बाईही खिडकीशी येऊन उभ्या होत्या, डबा न उघडता. मला कळत काहीच नव्हते, मी पडलो कानाचा प्राणी. पण इतके लोक इतके मन लावून काही घेत आहेत, असे मी त्या वाहिनीत कधी पाहिले नव्हते.

साहेब फाटकापाशी आले, मागोमाग सूनही. बराच वेळ ताईंकडे बघत राहिले. मग सुनेला म्हणाले, "ठीक आहे. उद्यापासून लावतो त्यांच्या बातम्या. आता फोन ठेवायला सांगा."

सुनेने सांगितले. मास्तरांनी उत्तर दिले. या वेळी तिने त्याचा अर्थ सांगितला, "ते म्हणताहेत, मग फोनही उद्या ठेवतो."

आणि खरोखर तसेच झाले. रात्री काकांनी मला आपल्या उशीवर निजवले, कोणाचा धक्का लागून खटका दाबला जाऊ नये म्हणून. इतके लाड माझे कारखान्यातही झाले नव्हते. दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा काकांच्या खोलीत आणि दारात दाटीवाटीने जमले. काकांच्या छोट्या टीव्हीवर एक वाजता निळा पडदा आला, ताई आल्या. मास्तरांनी बातम्या शेवटपर्यंत पाहिल्या, अंगुस्तानाने माझ्या कपाळावर एकदा टक केले आणि रिसीव्हर जागेवर ठेवला. सासूबाईंनी साहेबांसाठी आभाराची खूण वगैरे काही केली नाही. त्या आभार मानायला आल्याच नव्हत्या.

पुढेही साहेबांनी दोनदा त्या बातम्या कापायचा घाट घातला. दोन्ही वेळा आतला फोन वाजू लागला आणि पलीकडून कोणी बोलेना. बाई आता ओरडत नसत. साहेबांना हाक मारून एवढेच म्हणत, "सर, तक्रार आली आहे." साहेब घाट गुंडाळून ठेवत.

आता माझी तार कापली आहे. काकांच्या जागी दुसरे काका आले, मी त्यांच्या वर्तमानपत्रांवर वजन म्हणून बसतो. वाहिनी बघायला शाळेच्या सहली येतात, मुले माझी तबकडी फिरवून बघतात आणि विचारतात, हा कशाला ठेवलाय? म्हणून हे सगळे सांगितले.

तर मित्रांनो, मला पुसा, तेल द्या, जपा, असली विनवणी मी करणार नाही. धूळ मला चालते. माझे मागणे वेगळे आहे, आणि ते मी चढ्या आवाजातच मागणार. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही टेबलावर एखादा फोन येईल. तो वाजेल, तुम्ही उचलाल आणि पलीकडून कोणी बोलणार नाही. तेव्हा तो आपटू नका. कानाशी तसाच धरा आणि उठून आधी खिडकीबाहेर बघा.